बाळबोध, मोडी आणि आपल्याच दप्तरापुढील आपली निरक्षरता

गोव्यात भाषेचा विषय निघाला (आणि तो निघाल्यावाचून आपली एकही सभा पार पडत नाही) की मराठीच्या बाजूने बोलणारा कोणीतरी एक हुकमी पान टाकतोच. कोकणी कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमीत, कोणी कन्नडात, कोणी मल्याळममध्ये, कोणी अरबी वळणाच्या अक्षरांत. जिला स्वतःची एक लिपी नाही ती भाषा कसली, असा तो प्रश्न. टाळ्या पडतात. पेडणे आणि डिचोली या महालांत मराठी पिढ्यान्‌पिढ्या देवळाची, शाळेची आणि दप्तराची भाषा म्हणून नांदली असल्यामुळे तेथे त्या जरा अधिकच पडतात. मराठीला गोव्यात राजभाषेचे स्थान मिळावे, या मागणीविषयी आमच्या मनात तिळमात्र किंतु नाही, हे आरंभीच नमूद करतो. आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, आमचे म्हणणे असे की हा मुद्दा खोटा आहे आणि तो यापुढे आपल्या व्यासपीठावरून कोणी मांडू नये. त्याने कोकणीचे काही बिघडत नाही. बिघडते ते आपले. कारण एक भाषा म्हणजे एक लिपी हे घोकता घोकता आपल्या भाषेची अर्धी लिखित मालमत्ता आपल्याला वाचता येईनाशी झाली, आणि याची खंत वाटण्याऐवजी आपण तिला शुद्धता म्हणू लागलो.

प्रथम जरा दूर जाऊन पाहू. जपानी भाषा तीन लिपिपद्धतींत लिहिली जाते, आणि त्याही वेगवेगळ्या प्रांतांत वा वेगवेगळ्या धर्मीयांत वाटलेल्या नाहीत. एकाच वाक्यात त्या तिन्ही शेजारी शेजारी बसतात. शब्दाचा गाभा चिनी बनावटीच्या ‘कांजी’ चित्राक्षरांत, त्याला लागणारे प्रत्यय ‘हिरागाना’त, आणि परदेशातून आलेला शब्द ‘काताकाना’त. शिवाय चौथी रोमी लिपी आगगाडीच्या स्थानकांवरच्या पाट्यांत आणि जाहिरातींत आहेच. कांजी चीनमधून उसन्या आणलेल्या. त्या घसटून, मोडून नवव्या शतकाच्या सुमारास तेथे दोन्ही ‘काना’ सिद्ध झाल्या. हिरागानाला त्या काळी ‘बायकी हात’ म्हणत, कारण शिष्ट पुरुषांचे लेखन चिनी वळणाचे असे. त्याच बायकी हाताने अकराव्या शतकाच्या प्रारंभी मुरासाकी शिकिबू या राजदरबारातील स्त्रीने ‘गेंजी’ची कथा लिहिली, आणि आज जगातल्या आद्य कादंबऱ्यांत तिची गणना होते. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर १९४६ साली अमेरिकन शिक्षणमंडळाने जपान्यांना सल्ला दिला, की ही कटकट सोडा आणि रोमी अक्षरे घ्या. जपानने तो मानला नाही. त्याच वर्षी १८५० कांजींची यादी करून व्यवहारापुरती मर्यादा घातली, इतकेच. आजच्या यादीत २१३६ कांजी आहेत आणि प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत मूल त्यांतल्या १०२६ शिकते. जपानी भाषेला स्वतःची एक लिपी नाही, सबब ती भाषाच नव्हे, असे कोणा शहाण्याने म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता घराकडे वळू. मराठी ही एका लिपीची भाषा होती कधी? डिचोली महालातील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. शिवछत्रपतींनी १६६८ साली त्याचा जीर्णोद्धार केला. तसा शिलालेख दारावर आहे आणि तो देवनागरीत, म्हणजे आपण ज्याला बाळबोध म्हणतो त्या वळणात, कोरलेला आहे. त्याच राजाच्या चिटणिशीतून त्याच सुमारास निघालेली पत्रे, अभयपत्रे, आज्ञापत्रे पाहावीत, तर ती मोडीत. एकच राजा; दगडावर एक लिपी आणि कागदावर दुसरी. यात कोणाला विसंगती वाटली नाही, कारण विसंगती नव्हतीच. पोथी बाळबोधीत, कारण ती सावकाश, मोठ्याने, शुद्ध वाचायची. पत्र, हिशेब, सनद, महजर, कौलनामा हे मोडीत, कारण ते झरझर लिहायचे आणि जाणत्याने वाचायचे. ‘बाळबोध’ हे नावच काय सांगते? पोरालाही कळेल ती. म्हणजे थोरांची, कारभाऱ्यांची लिपी दुसरीच होती, हे त्या नावातच मान्य केलेले आहे. आज आपण पोरांची लिपी तेवढी राखली आणि तिलाच मराठीचे एकमेव रूप म्हणून मिरवतो.

ज्यांनी मोडी कागद कधी हाती धरलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगावे लागेल. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिला अक्षरे लटकवीत जाई. बोरू शक्य तोवर उचलायचा नाही. म्हणून अक्षरे वळलेली, मुडपलेली, एकमेकांत शिरलेली. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही. मौजे, परगणे, सुहूर अशा नित्याच्या शब्दांचे एखादे अक्षर लिहून पुढे दोन उभे दंड दिले की काम झाले. पाव, अर्धा, पाऊण या अपूर्णांकांना उभ्या रेघा. कालगणना तर पाहण्याजोगी. सन ‘सबा समानीन मया व अलफ’ असे लिहिलेले असते. म्हणजे अरबीत सात, ऐंशी, शंभर आणि हजार, एकूण सुहूर सन ११८७. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७८६-८७ येतो. शेवटी ‘मोर्तब सुद’. अरबी संख्या, फारसी मायने, मराठी क्रियापदे आणि मोडी अक्षरे, असा तो सगळा संसार! जपानी वाक्यात तीन लिप्या नांदतात याचे आपल्याला नवल वाटते. पण आपल्या पणजोबांच्या एका पानात नांदणारी गर्दी त्याहून कमी नव्हती.

वर दिलेले साल आम्ही मुद्दाम निवडले. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले ते १७८१ ते १७८८ या वर्षांत. आपल्यापैकी बहुतेक जुनी घराणी त्याआधीच येथे स्थिरावलेली होती. देसाई म्हणून, कुळकर्णी-नाडकर्णी म्हणून, जोशी-उपाध्ये म्हणून किंवा नुसती चार शेते कसणारी म्हणून. त्यांचे हक्क, इनामे, देवस्थानातले मान, पाटाच्या पाण्याच्या पाळ्या या साऱ्यांचा मूळ पुरावा मोडीतला. राज्य बदलले तरी नव्या काबिजादींतील रीतिरिवाज पोर्तुगीजांना मानावे लागले. एकोणिसाव्या शतकात या रिवाजांची संहिता त्यांनी केली, तीही पोर्तुगीजबरोबर मराठीतून छापली. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या पेडण्या-डिचोलीच्या सुखवस्तू घरात काय दिसे? देवघरात बाळबोध पोथी, पेटाऱ्यात मोडी दप्तर आणि फळीवर पोर्तुगीज सरकारचे रोमी अक्षरांतले कागद. शेणैमामांच्या शाळेत अक्षरे, उजळणी आणि जमाखर्च शिकलेल्या माणसाला यांतले निदान दोन प्रकार हाताळता येत. आज त्याच्या पणतवंडाला, दोन पदव्या असूनही, एकच येतो.

रोमीविषयीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. रोमी लिपी परकी, बाटवणाऱ्यांची, म्हणून आपल्याकडे नाक मुरडण्याची पद्धत आहे. तिच्यामागे असलेला इतिहास आम्ही विसरलेलो नाही. परंतु छापून निघालेला पहिला मराठी ग्रंथ म्हणून ज्याचा निर्देश केला जातो, तो फादर थॉमस स्टीफन्स यांचा ‘ख्रिस्तपुराण’ हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ १६१६ साली गोव्यातच, साष्टीतल्या राशोल येथे छापला गेला, आणि तो रोमी लिपीत. स्टीफन्सना देशी अक्षरांतले मुद्रण हवे होते, १६०८ च्या पत्रात त्यांनी तशी इच्छा लिहूनही ठेवली होती. पण त्या लिपीचे एवढे ठसे ओतवणार कोण? म्हणून रोमी. तो ग्रंथ संपूर्ण देवनागरीत छापील स्वरूपात वाचकांच्या हाती यायला १९५६ साल उजाडले. मधली तीनशे चाळीस वर्षे तो मराठी नव्हता काय? लिपीवरून भाषेची जात ठरवायची असेल, तर मराठी मुद्रणाच्या या आद्य ग्रंथावर आपल्याला पाणी सोडावे लागेल. आमची तशी तयारी नाही. जुन्या काबिजादींत गांवकारीच्या आणि व्यापाराच्या कागदांसाठी वापरली जाणारी कंदवी ऊर्फ गोंयकानडी लिपीही अशीच. तिच्याकडे आज ना कोकणीवाल्यांचे पुरेसे लक्ष आहे, ना आपले.

१९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी म्हणजे देवनागरी लिपीतली कोकणी अशी व्याख्या केली आणि मराठीच्या वापराला मुभा ठेवली. तेव्हापासून रोमी कोकणीचे लेखक आपल्याला घराबाहेर काढल्याची तक्रार करीत आहेत, आणि आपली मंडळी काठावर बसून त्या भांडणाची मजा पाहत आहेत. ही मजा आम्हांला पाहवत नाही. एका कायद्याच्या ओळीने जे रोमी कोकणीच्या वाट्याला आले म्हणून ती मंडळी आक्रंदत आहेत, ते मोडीच्या वाट्याला कायद्यावाचून, केवळ आपल्या उदासीनतेने आले. आणि आक्रंदणारे कोणी नाही.

मोडी गेली कशी? छापखान्यात बसेना म्हणून गेली, असे सर्रास सांगितले जाते. हे पूर्ण खरे नाही. विल्यम कॅरीने श्रीरामपूरला १८०५ साली मराठी व्याकरण छापले ते देवनागरी ठशांत. पण १८१० चा त्याचा मराठी कोश मोडी ठशांत छापलेला आहे. मोडी छापता येत होती. पुढे राज्यकर्त्यांना सगळीकडे एक साचा हवा झाला. मुंबई इलाख्याने १९१७ साली सरकारी कामकाजासाठी बाळबोधीला प्रमुख ठरवले, आणि तरीही मोडी त्यानंतर काही दशके शाळांत शिकवली जात होती, वडीलधारी मंडळी तीत पत्रे लिहीत होती. गोव्यात तर मुंबई सरकारचा हुकूम लागूही नव्हता. येथे ती गेली ती घराघरातून. मुलांना नोकऱ्यांसाठी पोर्तुगीज हवी होती, मग मुंबईसाठी इंग्रजी. १९६१ च्या मुक्तीनंतर गावोगाव मराठी शाळा निघाल्या ही फार मोठी गोष्ट झाली. पण त्या शाळांत मोडीला जागा नव्हती आणि ती असावी असे म्हणणाराही नव्हता.

आता कोणी म्हणेल, गेली तर गेली, तीवाचून काय अडले? येथेच आमचा खरा झगडा आहे. ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार आपण सगळेच वापरतो. १७७३ साली नारायणराव पेशव्यांच्या प्रकरणात ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, अशी ती आख्यायिका. तिची सत्यता इतिहासकारांनी तपासावी. आमचा प्रश्न साधा आहे. ती आख्यायिका सांगणाऱ्या किती जणांना मोडीतला ध आणि मोडीतला मा ओळखता येईल? आणि ज्यांना तो ओळखता येत नाही, त्यांच्या कागदात उद्या कोणी ध चा मा केला तर त्यांना कळणार कसे?

हे भय काल्पनिक नाही. गोव्यात जुन्या दस्तऐवजांची बनावट करून दुसऱ्यांच्या जमिनी बळकावल्या जात असल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २०२२ साली सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले आणि पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्तींचा एकसदस्य आयोगही. ज्याला स्वतःच्या घरातला कागद वाचता येत नाही, तो बनावट कागदाला कोणत्या तोंडाने आव्हान देणार? मोजणी होऊन सर्व्हे क्रमांक पडले, एक-चौदाचा उतारा निघाला, आता जुन्या कागदाला कोण विचारतो, असे म्हणणारे आहेत. वाद नसतो तोवर कोणी विचारत नाही, हे खरे. वाद निघाला की मग मात्र देवळातला पहिला मान कोणाचा, पाटाचे पाणी आधी कोणी घ्यायचे, देवस्थानाच्या महाजनांत कोणाचे कूळ होते, हे उताऱ्यात सापडत नाही. ते पेटाऱ्यात असते.

शेजारच्या महाराष्ट्रातला अनुभव तर ताजा आहे. २०२३ च्या सप्टेंबरात तेथील सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून जुन्या नोंदींत ‘कुणबी’ असा उल्लेख शोधण्याचे काम हाती घेतले. नोंदी निघाल्या त्या कित्येक ठिकाणी मोडीत, काही उर्दूत. मग जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. त्या मागणीच्या योग्यायोग्यतेत आम्ही शिरत नाही. पण शंभर वर्षे निरुपयोगी ठरवलेली लिपी एका सकाळी लक्षावधी कुटुंबांच्या भवितव्याची किल्ली होऊन बसली, एवढे तरी ध्यानात घ्यावे. महाराष्ट्रात निदान पुराभिलेख संचालनालयाचे मोडी वर्ग होते, पुण्यात १९१० पासूनचे भारत इतिहास संशोधक मंडळ होते, म्हणून वाचणारे मिळाले. तशी वेळ पेडण्यावर वा डिचोलीवर आली तर आपण कोणाच्या दारी जाणार?

सरकारने करावे, अभिलेखागाराने करावे, हे उत्तर आम्हांला मान्य नाही. गोव्याचे अभिलेखागार १५९५ पासूनचे, भारतातल्या जुन्यांतले जुने. तेथल्या पोर्तुगीज कागदांबरोबर मराठी कागदही वाचून ज्यांनी गोव्याचा इतिहास उभा केला ते डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर आपल्याच बाजूचे, सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे. त्यांच्या ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ या ग्रंथाचा उल्लेख आपल्या भाषणांत वारंवार होतो. तो ग्रंथ ज्या तऱ्हेच्या कागदांवर उभा आहे ते वाचायची विद्या मात्र त्यांच्या गाववाल्यांनी पुढे चालवली नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे दप्तरे शोधत गावोगाव पायपीट करीत होते, तेव्हा त्यांची तक्रार कागद दाखवत नाहीत अशी होती. आज कागद दाखवायला लोक तयार आहेत, पण बहुधा ते वाळवीने खाल्लेले, नाहीतर वाटणीच्या वेळी ‘कोणाला वाचता येतात?’ म्हणून नदीत सोडलेले. पोथी गंगेला मिळावी, कागद अग्नीला देऊ नये, ही श्रद्धा आम्ही समजू शकतो. पण मये-नार्व्याच्या नदीत सोडलेला करीना कोणत्याही न्यायालयात पुन्हा वर येत नाही.

पुन्हा एकदा जपानकडे पाहावे लागते, आणि या वेळी आदराने नव्हे, तर समदुःखी म्हणून. जुन्या जपानी कागदांत ‘कुझुशिजी’ नावाचे धावते, मोडके वळण वापरले जाई; ‘मोडके’ हाच त्या नावाचा जवळपासचा अर्थ, आपल्या मोडीशी विलक्षण जुळणारा. १९०० साली तेथील सरकारने शाळांसाठी एका ध्वनीला एकच हिरागाना अक्षर ठरवले आणि पाहता पाहता सामान्य जपानी माणूस आपल्याच पूर्वजांच्या पत्रांना मुकला. पण तेथे पुढचा अध्याय लिहिला गेला. जुन्या भूकंपांच्या नोंदी वाचणे विद्वानांना आवश्यक वाटू लागले. पत्रे, रोजनिशा, देवळांची टिपणे यांचे ढीग पडलेले. २०१७ साली क्योतो विद्यापीठातील मंडळींनी ‘सर्वांनी मिळून अक्षरांतर करू या’ अशा अर्थाच्या नावाचा उपक्रम संगणकजालावर उघडला. विद्यार्थी, गृहिणी, सेवानिवृत्त मंडळी घरबसल्या एकेक ओळ लावू लागली. एकाने चुकीचे वाचले तर दुसऱ्याने सुधारायचे. २०२१ साली तर भ्रमणध्वनीने जुन्या पानाचे छायाचित्र घेतले की अक्षरे ओळखून दाखवणारी ‘मिवो’ नावाची सोय तेथे निघाली. मोडीलाही २०१४ पासून युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे. म्हणजे संगणकावर मोडी उमटवण्याची तांत्रिक सबब उरलेली नाही. उरली आहे ती इच्छेची उणीव.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, तो आम्हीच मांडतो. राजभाषेचा लढा ऐन रंगात असताना मोडीचे हे नवे खूळ कशाला. मराठीची लिपी दोन म्हटल्या की विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल. मिळू द्या. देवनागरी ही आपली प्रमुख लिपी आहे आणि राहील. शाळेत, कचेरीत, वृत्तपत्रांत मोडी आणा असे आम्ही कोठेही म्हटलेले नाही. पण गोव्यात मराठी उपरी आहे, ती १९६१ नंतर मुंबईहून आली, असे जो बेधडक म्हणतो, त्याला उत्तर म्हणून व्यासपीठावरची वीस भाषणे एका बाजूला आणि भोसल्यांच्या अमलातला, पेडणे महालातल्या एखाद्या खेड्याच्या नावाचा, तारीख-सन असलेला, स्वच्छ वाचलेला एक मोडी कागद दुसऱ्या बाजूला ठेवा. तो कागद आपल्या घरांत आहे. आपल्याला तो वाचता येत नाही म्हणून आपण भाषण करतो.

आमची सूचना लहानशी आहे. आपल्या मंडळाने पेडण्यात एक आणि डिचोलीत एक असा मोडीचा वर्ग दर रविवारी चालवावा. व्याख्यानमालेच्या हारतुऱ्यांवर होणारा खर्च वळवला तरी तो चालेल. अक्षरे लावायला चिकाटीच्या माणसाला काही आठवडे पुरतात. वेळ लागतो तो संक्षेपांना, फारसी शब्दांना आणि वेगवेगळ्या हातांच्या वळणांना, आणि तो सरावानेच सरतो. दरम्यान ज्यांच्या घरी दप्तर आहे त्यांनी दिवाळी सरल्यावर, हवा कोरडी असताना, ते उघडावे. घडी बळेच उलगडू नये. कागद काचकागदात दाबून घेऊ नये, फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नये. दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, कारण पाठीवरचा शेरा पुष्कळदा आतल्या मजकुराहून महत्त्वाचा असतो. मूळ कागद कोणाच्याही, अगदी आमच्याही, हवाली करू नये. आणि कोणता कागद कोणत्या रुमालात होता ते लिहून ठेवावे. अक्षर चुकीचे लागले तर पुढचा वाचणारा ते दुरुस्त करील, पण दोन रुमालांतले कागद एकमेकांत मिसळले तर नाव न लिहिलेले शेत कोणत्या गावातले, हे कोणालाच सांगता येणार नाही.